आमदार मंत्र्यांना जाब कसा विचारतात? तारांकित प्रश्नापासून आश्वासनापर्यंत, गावकऱ्यांसाठी सोप्या भाषेत

अधिवेशन सुरू झालं की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ फिरायला लागतात. आमदार उभे राहून बोलतायत, समोर मंत्री बसलेत, खाली मोठ्या अक्षरात 'सभागृहात आवाज उठवला'. कार्यकर्ते अंगठे टाकतात, विरोधक हसतात आणि विषय तिथंच संपतो.

पण त्या दोन मिनिटांनंतर काय झालं? मंत्र्यांनी उत्तर काय दिलं? त्या उत्तरावर पुढं कुणी पाठपुरावा केला? आणि आमदार जे बोलले तो नेमका कुठला प्रकार होता? तारांकित प्रश्न, लक्षवेधी की नुसता औचित्याचा मुद्दा? प्रत्येकाचं वजन वेगळं असतं. हे माहीत असलं तर गावाचं काम कुठं अडलंय आणि कुणाला धरायचं, हे कळतं. म्हणून ही माहिती एकदा नीट वाचा आणि जपून ठेवा.

आधी हिशेब: ५ कोटी आणि ७ लाख कोटी

गावात आमदार आले की आपण काय मागतो? सभामंडप, हायमास्ट दिवा, पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीचं शेड. हे सगळं बहुतेक आमदार निधीतून होतं. महाराष्ट्रात हा निधी एका आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपये आहे.

आता दुसरा आकडा बघा. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा आकार सुमारे ७ लाख कोटी रुपयांचा होता. दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार, शाळेची खोली, पाणीपुरवठा योजना, वीज, रस्ते, पीक विम्याचा राज्याचा हिस्सा, अतिवृष्टीचं अनुदान हे सगळं या पैशातून होतं. हा पैसा खर्च करतं सरकार. तो नीट खर्च होतो का, हे बघायचं काम विधिमंडळाचं, म्हणजे आपण निवडून दिलेल्या आमदारांचं.

म्हणजे आमदारांचं मोठं काम ५ कोटी वाटणं हे नाही, ७ लाख कोटींचा जाब विचारणं हे आहे. राज्यघटनेच्या कलम १६४ मध्ये स्पष्ट म्हटलंय की मंत्रिमंडळ हे सामूहिकपणे विधानसभेला जबाबदार असतं. मंत्र्यांनी उत्तर देणं ही मेहरबानी नाही, ते त्यांचं कर्तव्यच आहे.

आपल्या जिल्ह्यातून कोण विचारू शकतं?

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आणि विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत.

• उमरगा (अनुसूचित जातीसाठी राखीव): उमरगा आणि लोहारा तालुके
• तुळजापूर: तुळजापूर तालुका आणि धाराशिव तालुक्याचा काही भाग
• उस्मानाबाद: कळंब तालुका आणि धाराशिव तालुक्याचा राहिलेला भाग
• परंडा: परंडा, भूम आणि वाशी तालुके

२०२४ च्या निवडणुकीत उमऱ्यातून प्रवीण स्वामी, तुळजापुरातून राणाजगजितसिंह पाटील, उस्मानाबाद मतदारसंघातून कैलास पाटील आणि परंड्यातून तानाजी सावंत निवडून आले. हे चौघे २८८ जणांच्या विधानसभेत आपल्या बाजूचे.

याशिवाय विधान परिषद आहे. तिथं ७८ सदस्य असतात. मराठवाड्यातल्या पदवीधरांचा आणि शिक्षकांचा स्वतंत्र आमदार तिथं जातो. उस्मानाबाद, लातूर आणि बीड या तीन जिल्ह्यांतल्या स्थानिक स्वराज्य संस्थांचाही एक मतदारसंघ आहे. शाळा, शिक्षकांची रिक्त पदं, वेतन असे विषय बऱ्याचदा शिक्षक आमदारांकडून परिषदेत येतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, कुठलाही आमदार कुठल्याही जिल्ह्याचा प्रश्न विचारू शकतो. आपल्या गावचा प्रश्न आपल्याच आमदारांनी विचारला पाहिजे असा नियम नाही. म्हणून एकाच प्रश्नाखाली वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या दहा-बारा आमदारांची नावं दिसतात.

दुसरी, मंत्री झालेला आमदार प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. परंड्याचे आमदार तानाजी सावंत २०२२ ते २०२४ या काळात राज्याचे आरोग्यमंत्री होते. तेव्हा भूम-परंडा-वाशीच्या आरोग्याचा प्रश्न सभागृहात यायचा तर तो दुसऱ्या आमदारांनी मांडायचा आणि उत्तर त्यांनी द्यायचं, अशी रीत. आपले आमदार मंत्री असले तर त्यांना थेट भेटून काम सांगता येतं, पण सभागृहात जाब विचारायला दुसरं माणूस शोधावं लागतं.

कुठला प्रश्न कुठं विचारायचा?

इथंच गावाकडं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रेल्वेसाठी आमदारांकडं जातो आणि गावच्या नालीसाठी खासदारांकडं.

लोकसभेत जाणारे विषय: रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, बँका, टपाल, मोबाईलचे टॉवर, केंद्राच्या योजना, आयात-निर्यातीमुळं पडणारा सोयाबीनचा आणि कांद्याचा भाव. आपले खासदार ओमप्रकाश राजेनिंबाळकर आहेत. त्यांच्या उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात आपल्या चार मतदारसंघांशिवाय औसा आणि बार्शीही येतात.

विधानसभेत जाणारे विषय: पाटबंधारे, सरकारी दवाखाने, शाळा, पोलीस, महसूल, वीज वितरण, राज्यमार्ग, एसटी, रोजगार हमी, रेशनची वाटप व्यवस्था.

दोन्हीकडं जाणारे विषय: सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचंच घ्या. सुमारे ८४ किलोमीटरचा हा मार्ग. रेल्वे केंद्राची, म्हणून काम कुठवर आलं हा प्रश्न लोकसभेत रेल्वेमंत्र्यांना. पण या मार्गाचा निम्मा खर्च राज्यानं उचलायचा ठरलंय आणि जमीन संपादन महसूल यंत्रणा करते. म्हणून 'राज्याचा हिस्सा किती दिला आणि मावेजा कधी मिळणार' हा प्रश्न विधानसभेत. जलजीवन मिशनचंही तसंच. २०१९ मध्ये सुरू झालेली ही योजना केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यायचं हे तिचं उद्दिष्ट. गावात टाकी उभी आहे आणि नळाला थेंब नाही, तर हा प्रश्न दोन्ही सभागृहांत विचारता येतो.

जिल्हा परिषदेत जाणारे विषय: प्राथमिक शाळा, उपकेंद्र, अंगणवाडी, ग्रामीण रस्ते. एरवी हे प्रश्न सर्वसाधारण सभेत सदस्य विचारतात. पण २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर आपल्या जिल्हा परिषदेवर बराच काळ प्रशासक होता. गटातून निवडून गेलेला माणूसच सभागृहात नव्हता. अशा वेळी जिल्हा परिषदेच्या कारभारावर जाब विचारायची जागा विधानसभाच उरते.

प्रश्नाचे प्रकार: कुणाचं वजन किती?

तारांकित प्रश्न: प्रश्नापुढं चांदणी असते म्हणून तारांकित. याचं उत्तर मंत्री सभागृहात उभे राहून देतात. महत्त्वाचं म्हणजे त्या उत्तरावर आमदारांना उपप्रश्न विचारता येतो. लेखी उत्तर अधिकारी लिहून देतात, पण उपप्रश्नाला मंत्र्यांना स्वतः तोंड द्यावं लागतं. मंत्र्यांची खरी परीक्षा तिथं असते. मात्र प्रश्नोत्तराचा तास एकच. यादीतले वरचे काही प्रश्नच चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं छापील मिळतात.

अतारांकित प्रश्न: याला फक्त लेखी उत्तर मिळतं, उपप्रश्न नाही. पण आकडेवारी काढायची असेल, म्हणजे जिल्ह्यात किती पदं मंजूर, किती भरलेली, किती निधी आला, किती खर्च झाला, तर हा प्रकार चांगला. व्हिडिओ निघत नाही म्हणून याकडं दुर्लक्ष होतं, पण कागद पक्का मिळतो.

अल्पसूचना प्रश्न: तातडीचा विषय असेल तर नेहमीच्या मुदतीपेक्षा कमी वेळात विचारायचा प्रश्न.

लक्षवेधी सूचना: विधानसभेच्या नियम १०५ नुसार तातडीच्या सार्वजनिक विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधायचं. मंत्री आधी निवेदन करतात, मग आमदार प्रश्न विचारतात. पुलाला भगदाड पडलं, दूषित पाण्यानं गाव आजारी पडलं, खरेदी केंद्र बंद पडलं असे विषय यात येतात. चौकशी, निलंबन, विशेष पथक अशा घोषणा जास्त करून लक्षवेधीच्या उत्तरात होतात.

अर्धा तास चर्चा: आधी दिलेल्या उत्तरानं समाधान झालं नाही, अजून खुलासा पाहिजे, तर त्याच विषयावर ही चर्चा मागता येते. पाठपुरावा करणारा आमदार हे हत्यार वापरतो.

औचित्याचा मुद्दा: आमदार विषय मांडतात, नोंद होते. मंत्र्यांनी तिथल्या तिथं उत्तर द्यावंच असं बंधन नसतं. ग्रुपवर फिरणारे अनेक व्हिडिओ या प्रकारातले असतात. विषय मांडला हे खरं, पण उत्तर मिळालं असं समजू नका.

नियम २९३ ची चर्चा: शेतकऱ्यांचे प्रश्न, कायदा-सुव्यवस्था, पाणीटंचाई अशा मोठ्या विषयावर विधानसभेत होणारी लांबलचक चर्चा. शेवटी मंत्री किंवा मुख्यमंत्री उत्तर देतात. विधान परिषदेत यासाठी नियम २६० आहे.

एक प्रश्न मुंबईतून सज्जापर्यंत कसा येतो?

राज्यात वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात. मार्चमध्ये अर्थसंकल्पी, जून-जुलैत पावसाळी आणि डिसेंबरात नागपूरला हिवाळी. घटनेनुसार दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही.

आमदारांना प्रश्न अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी विधिमंडळ सचिवालयाकडं द्यावे लागतात. नियमात बसतो का हे तपासलं जातं. प्रश्न स्वीकारला की तो मंत्रालयातल्या त्या विभागाकडं जातो. तिथून जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडं, तिथून तहसीलदार, गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि शेवटी तलाठी, ग्रामसेवक, उपअभियंता यांच्याकडं. मग माहिती त्याच पायऱ्यांनी उलटी वर चढते.

सरकारी कचेरीत याला 'एलएक्यू' म्हणतात. 'एलएक्यू आलाय' म्हटलं की कचेरीचा नूर बदलतो. आठ महिने सापडत नसलेली फाईल त्या दिवशी सापडते. कारण सभागृहात चुकीची माहिती गेली तर मंत्री अडचणीत येतात आणि ते प्रकरण हक्कभंगापर्यंत जाऊ शकतं. म्हणून बऱ्याचदा प्रश्न सभागृहात पुकारला जाण्याआधीच गावातलं काम हललेलं असतं. ट्रान्सफॉर्मर येतो, ठेकेदार परत दिसायला लागतो. निम्मा फायदा प्रश्न विचारण्यातच असतो.

उत्तर कसं वाचायचं?

प्रश्नाची एक ठरलेली भाषा असते. समजण्यासाठी एक नमुना बघा. गाव काल्पनिक आहे.

(१) अमुक गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले?
(३) त्यानुसार पद भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आता उत्तरातले शब्द.

'हे खरे आहे': सरकारनं कबूल केलं. हा कागद सोन्यासारखा जपा. कोर्टात, आंदोलनात, अर्जात सगळीकडं चालतो.

'अंशतः खरे आहे': थोडं मान्य, थोडं नाही. कुठला भाग मान्य आहे ते खाली शोधा. उदाहरणार्थ, पद रिक्त आहे पण शेजारच्या केंद्रातल्या डॉक्टरकडं अतिरिक्त कार्यभार दिलाय, असं लिहिलेलं असतं. ते डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येतात, हे त्यात नसतं. उपप्रश्न तिथंच विचारायचा.

'हे खरे नाही': सरकारनं नाकारलं. इथं गावाचं काम सुरू होतं. फोटो, हजेरीपट, तारखा आमदारांना द्या. उत्तर चुकीचं असल्याचा पुरावा असेल तर तोच मुद्दा पुढं मोठा होतो.

'प्रश्न उद्भवत नाही': पहिल्या भागाला 'खरे नाही' म्हटलं की पुढच्या सगळ्या भागांना हेच उत्तर मिळतं. म्हणून पहिला भाग नीट लिहिणं महत्त्वाचं. गावाचं नाव, महिना, पदाचं नाव यातलं काही चुकलं तर सरकार त्या एका चुकीवर पूर्ण प्रश्न उडवून लावू शकतं.

'कार्यवाही सुरू आहे', 'प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे': यात तारीख नसते. तारीख नसलेलं उत्तर म्हणजे अर्धवट उत्तर. 'किती दिवसांत' हे विचारून घेणारा आमदार काम करणारा समजावा.

मंत्री 'करू' म्हणाले, पुढं काय?

मंत्र्यांनी सभागृहात 'चौकशी करू', 'तीन महिन्यांत काम पूर्ण करू' असं म्हटलं की ते आश्वासन म्हणून नोंदवलं जातं. त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. दिलेला शब्द पाळला का, हे ती तपासते. लोकसभेतही अशीच समिती आहे आणि तिथं आश्वासन पाळायला तीन महिन्यांची मुदत धरली जाते.

गाडं इथंच अडतं. अधिवेशन संपतं, मंत्री बदलतात, सरकार बदलतं, गावही विसरतं. पण सभागृहातला शब्द कागदावर असतो. म्हणून गावानं तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कुठल्या तारखेला, कुठल्या मंत्र्यांनी, काय शब्द दिला. पुढच्या अधिवेशनाआधी त्या आमदारांच्या हातात ठेवाव्यात.

पैशाचा जाब: कपात सूचना, पुरवणी मागण्या, कॅग

सरकारला एक रुपयाही विधानसभेच्या मंजुरीशिवाय खर्च करता येत नाही. मार्चमध्ये प्रत्येक खात्याची मागणी सभागृहात येते. त्यावर आमदार कपात सूचना देतात. 'या खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा' असं त्यात लिहिलेलं असतं. शंभर रुपयांनी कुणाचं बिघडत नाही. त्या निमित्तानं खात्याच्या कारभारावर बोलता येतं, हा त्याचा उपयोग.

वर्षाच्या मध्येच पैसे कमी पडले तर सरकार पुरवणी मागण्या आणतं. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात हा शब्द तुम्ही ऐकला असेल. अतिवृष्टीची मदत, रस्त्यांचे पैसे, योजनांचा वाढीव खर्च यात येतो. आपल्या रस्त्याला नुसती मंजुरी मिळाली की खरोखर पैशाची तरतूद झाली, हे या पुस्तिकेत दिसतं. 'मंजुरी मिळाली' असा बॅनर लागला की तरतूद किती झाली, हे विचारायला शिका.

खर्च झाल्यावर तपासणी करतो कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. त्यांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात मांडला जातो. मग लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना समोर बसवून विचारते. या समितीचं अध्यक्षपद विरोधी बाकावरच्या आमदाराकडं द्यायची प्रथा आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती यांचा हिशेब बघायला पंचायत राज समिती असते. ती जिल्ह्यात येते तेव्हा झेडपीत रात्री उशिरापर्यंत दिवे का जळतात, ते आता लक्षात येईल. रोजगार हमी योजनेसाठीही विधिमंडळाची वेगळी समिती आहे.

रोजगार हमीचा जन्मच विधिमंडळातल्या माणसाच्या डोक्यातून झाला. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी जी खडी फोडली, त्या काळात ही योजना राज्यभर पसरली. पुढं तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशानंही असा कायदा केला.

पीक विम्यानं काय शिकवलं?

प्रश्न विचारला की काम झालंच, असं नाही. आपल्या जिल्ह्यानं हे खरीप २०२० च्या पीक विम्यात बघितलंय. काढणीच्या वेळी झालेल्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलं. पण ७२ तासांत नुकसानीची पूर्वसूचना दिली नाही, या कारणावरून हजारो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. लोकप्रतिनिधींनी सभागृहात आणि बाहेर आवाज उठवला. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे २०२२ मध्ये निकाल साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला आणि पुढं ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तरी पैसे खात्यावर यायला वेळ लागत होता, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीत आमदार कैलास पाटील यांना उपोषणाला बसावं लागलं.

यातून दोन गोष्टी कळतात. सभागृह, न्यायालय आणि रस्ता हे तीन वेगळे मार्ग आहेत, आणि मोठ्या प्रश्नाला तिन्ही लागतात. दुसरं, विषय एकदा न्यायालयात गेला की सभागृहात त्यावर बोलायला मर्यादा येतात. म्हणून कोर्टात जायच्या आधीच सरकारकडून कागदावर उत्तरं काढून घेतलेली बरी. पुढं तीच उत्तरं कोर्टात उपयोगी पडतात.

गावानं प्रश्न कसा पाठवायचा?

१. एक विषय, एक पान. दहा मागण्यांचं निवेदन दिलं तर त्यातून एकही प्रश्न तयार होत नाही.

२. आकडा आणि तारीख द्या. 'रस्ता खराब आहे' असं लिहू नका. कुठून कुठपर्यंत, किती किलोमीटर, काम कधी सुरू झालं, कधी बंद पडलं ते लिहा.

३. कागद जोडा. ग्रामसभेचा ठराव, आधी दिलेल्या अर्जाची पोच, फोटो. माहितीचा अधिकार वापरून आधी माहिती काढा. दहा रुपयांचं शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. माहिती अधिकारात मिळालेला कागद प्रश्नाला जोडला की सरकारला 'हे खरे नाही' म्हणणं अवघड जातं.

४. अधिवेशनाच्या दोन महिने आधी द्या. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन मुंबईला गेलात तर फोटो मिळेल, तारांकित प्रश्न नाही.

५. एकाच आमदाराकडं देऊन थांबू नका. सत्ताधारी आमदारांना मंत्र्यांना अडचणीत आणायचं नसतं. तसं असेल तर विरोधी बाकावरचे किंवा परिषदेतले आमदार गाठा. आणि उलटंही खरं आहे. सत्तेतल्या आमदारांनी विचारलेला प्रश्न मंत्री लवकर मनावर घेतात.

६. वैयक्तिक भांडण, कोर्टातलं प्रकरण, ऐकीव आरोप प्रश्नात बसत नाहीत. भावकीतल्या बांधाचा वाद विधानसभेत जात नाही.

७. प्रश्नासाठी कुणालाही पैसे देऊ नका. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून ११ खासदारांना बडतर्फ केलं होतं. आणि एखादा प्रश्न जोरात विचारून नंतर अचानक सगळे गप्प झाले, तर का गप्प झाले हेही गावानं मोकळेपणानं विचारावं.

मोबाईलवर कुठं बघायचं?

महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज बघायला मिळतं. लोकसभेची प्रश्नोत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर खासदारांच्या नावानं शोधता येतात. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. आपल्या खासदारांनी काय काय विचारलं, हे दहा मिनिटांत कळतं.

शोधताना एक काळजी घ्या. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं. त्याआधीची सगळी प्रश्नोत्तरं 'उस्मानाबाद' नावानं आहेत. मतदारसंघाचं नाव आजही उस्मानाबादच आहे. म्हणून दोन्ही नावं टाकून शोधा, नाहीतर जुना कागद सापडणार नाही.

हा हक्क सहज मिळालेला नाही

इंग्रजांच्या राज्यात कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा १८९२ च्या कायद्यानं मिळाली. उपप्रश्न विचारायला १९०९ उजाडावं लागलं. आपला जिल्हा तर निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि १९५२ मध्ये सगळ्या प्रौढांच्या मतांवर हैदराबादची विधानसभा निवडून आली. गरीब-श्रीमंत, बाई-गडी सगळ्यांच्या मतावर गेलेला माणूस मंत्र्यांना 'हे खरे आहे काय' असं विचारू लागला, तो तेव्हापासून. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि आपला प्रश्न मुंबई-नागपूरच्या सभागृहात जाऊ लागला.

एवढं करून मिळालेला हक्क दोन मिनिटांच्या व्हिडिओवर संपवू नका. पुढच्या वेळी 'आवाज उठवला' असा व्हिडिओ ग्रुपवर आला की खाली एवढंच लिहा: प्रश्न तारांकित होता का? उत्तर काय मिळालं? तारीख दिली का? उत्तराचा कागद टाका.

गावातल्या चार जणांनी प्रत्येक अधिवेशनानंतर एवढं विचारलं, तरी आमदारांना पुढच्या वेळी कागद घेऊन यावं लागेल. आणि तो कागद हातात ठेवायचा तर त्यांना मंत्र्यांना नीट जाब विचारावाच लागेल.